काढलेला रॉड फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका

गुडघ्याचा कृत्रिम सांधा, खुब्याचा बॉल, मांडीतला रॉड, प्लेट, स्क्रू, यातलं काहीही जंतुसंसर्गाच्या संशयावरून काढलं, तर ते निर्जंतुक, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाका आणि लॅबला पाठवा. फॉर्मॅलिन नको, बिटाडिन नको, ग्लोव्हच्या पाकिटात गुंडाळणं तर नकोच.

मी मिरजेत मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. इथे दवाखाने गल्लोगल्ली. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटही उपचाराला मिरजेचीच वाट धरतात. त्यामुळे आमच्याकडे अथणीहून, जमखंडीहून, जतहून, तासगावहून सॅम्पल येतात, आणि निम्मं नुकसान वाटेतच झालेलं असतं. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना सवयच असते, शरीरातून निघालेली वस्तू म्हणजे फॉर्मॅलिन. गाठ असेल तर ते बरोबर आहे, ती बायॉप्सीला जाते. पण रॉडवरचे जंतू आम्हाला जिवंत हवेत, आणि फॉर्मॅलिन त्यांना मारतं. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या रॉडचं कल्चर, म्हणजे त्यावरचे जंतू वाढवून बघणं, मला सांगू नका, मी ते परत पाठवते.

हे लिहिते आहे ते थिएटरच्या सिस्टरांसाठी, डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांच्या घरातल्या माणसाचा सांधा बिघडला आहे त्या नातेवाइकांसाठीही. नातेवाईक हल्ली मोबाइलवर वाचून येतात आणि विचारतात, "ताई, अल्ट्रासाउंडनं जंतू मारतात म्हणे, मग सांधा काढायचा कशाला?" त्याचं उत्तर शेवटी देते. आधी रॉडवरचे जंतू तपासणीसाठी सोडवायला अल्ट्रासाउंड आज आमच्या टेबलावर रोज काय करतं ते बघू.

रॉडवर जंतू बसतात कसे

धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. तिथे जंतू बसला की तो एकटा राहत नाही. भोवती चिकट पदार्थ सोडतो, त्यात आणखी जंतू जमतात आणि थर तयार होतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. गच्चीवरची पाण्याची टाकी आतून चाचपून बघा, बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो तो याच जातीचा. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावा लागतो. रॉडवरच्या थरातही औषध नीट मुरत नाही. शिवाय आतले जंतू सुस्त पडलेले असतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवर चालतात, झोपलेल्यांवर नाही.

म्हणून पेशंटला गोळ्या चालू असताना बरं वाटतं आणि बंद केल्या की पुन्हा पू येतो. आणि म्हणूनच जखमेच्या तोंडावरचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, घेऊन भागत नाही. स्वॅबमध्ये कातडीवरचे पाहुणे येतात, खरा घरमालक आत धातूला चिकटून असतो. जखमेत वरवर ई. कोलाय नावाचा जंतू आणि रॉडवर स्टॅफ नावाचा दुसराच, असं सर्रास होतं. स्वॅबच्या रिपोर्टवर औषध चालू केलं की महिना गेला.

ऑपरेशनच्या आधी

पेशंटची तब्येत स्थिर असेल, ताप चढलेला नसेल, तर सर्जन ऑपरेशनच्या आधी किमान २ आठवडे अँटिबायोटिक थांबवतात. थांबवायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. रक्तात इन्फेक्शन पसरलं असेल तर थांबायला वेळ नसतो. पण नातेवाइकांना माझं सांगणं एवढंच, की मध्येच गावातल्या मेडिकलमधून पाच गोळ्यांची स्ट्रिप आणून देऊ नका. त्या पाच गोळ्यांनी इन्फेक्शन जात नाही, फक्त आमच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या ताटलीवर, जंतू उगवत नाही.

याचे आकडे आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या आंद्रेय ट्रॅम्पुझ आणि रॉबिन पटेल यांच्या गटानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३१ पेशंटांचे काढलेले कृत्रिम गुडघे आणि खुबे तपासले. सांध्याभोवतालच्या मांसाच्या तुकड्यांच्या कल्चरनं इन्फेक्शनच्या १०० पैकी सुमारे ६१ केस सापडल्या. सांधा द्रवात बुडवून अल्ट्रासाउंड दिलं आणि त्या द्रवाचं कल्चर केलं तर ७८ ते ७९. ज्यांनी ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात फरक आणखी मोठा, ४५ विरुद्ध ७५. म्हणजे गोळ्या घेतल्यावरही ही पद्धत बरंच वाचवते. पण सगळं नाही.

डबा

पॉलिप्रॉपिलीनचा, रुंद तोंडाचा, साधारण लिटरभराचा, आटे असलेल्या झाकणाचा डबा घ्या. झाकण सैल ठेवून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा, थंड झाल्यावर आवळा. गुडघ्याचा मोठा भाग मावेल इतकं तोंड हवं, नाहीतर टेबलावर ऐन वेळी सिस्टर तो आडवा-उभा करत बसतात आणि चार हात लागतात. सर्जननी सांधा सुटल्या सुटल्या थेट डब्यात सोडावा. ट्रॉलीवर, पुसायच्या कापडावर ठेवून मग डब्यात नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत पाठवायचं सुचवणारे भेटतात. पिशवी स्वस्त पडते, खरं आहे. मेयोच्या त्याच गटानं आधी पिशव्याच वापरल्या होत्या. धातूच्या कडेनं पिशवीला बारीक भोक पडतं, अल्ट्रासाउंड देतो त्या भांड्यातलं, म्हणजे बाथमधलं, पाणी आत शिरतं, आणि पाण्यातले जंतू पेशंटच्या नावावर लागतात. हे लक्षात आल्यावर ते कडक डब्याकडे वळले.

त्याच वेळी मांसाचे ५-६ तुकडे वेगवेगळ्या जागेवरून, प्रत्येकासाठी वेगळा चिमटा आणि ब्लेड वापरून, वेगवेगळ्या बाटल्यांत द्या. एकाच चिमट्यानं सहा तुकडे घेतले तर ते सहा नसतात, एकच असतो. डब्यावर पेशंटचं नाव, डावा की उजवा, कुठला भाग, काढल्याची वेळ, आणि शेवटचं अँटिबायोटिक कुठलं व कधी, एवढं लिहा. शेवटची ओळ बहुतेक जण सोडतात, आणि मला सगळ्यात जास्त तीच लागते.

६ तासांच्या आत आमच्याकडे पोचलं तर उत्तम. रात्र झाली तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी पहिल्या माणसाबरोबर द्या. बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल देणार असाल तर डबा दुहेरी पिशवीत, उभा, आणि उतरवून घेणाऱ्याचा फोन नंबर वर. मिरज स्टँडवर बेवारस पडलेला डबा शोधत फिरायची हौस आम्हाला नाही.

बाथ

अल्ट्रासॉनिक बाथ ही काही अजब वस्तू नाही. सांगलीत सराफ कट्ट्यावर दागिने धुवायला ठेवतात ते मशीन याच तत्त्वावर चालतं. स्टीलचं भांडं, तळाखाली कंपनं देणारे क्रिस्टल, साधारण ४० किलोहर्ट्झ. पाण्यात दाब भराभर वर-खाली होतो, बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. ते फुटताना जो झटका बसतो त्यानं थर सुटतो. पण सराफाचं मशीन आणून लॅबमध्ये चालवू नका. आम्हाला किती ताकद लागते ते ठरलेलं आहे, प्रति चौरस सेंटिमीटर ०.२२ वॅटच्या आसपास. त्याहून जोरात दिलं की जंतू सुटतात आणि मरतातही, आणि मेलेले जंतू आमच्या काय कामाचे.

बाथ नीट चालतंय का हे बघायची सोपी युक्ती आहे. घरातली ॲल्युमिनियम फॉइल, जी पोळ्यांच्या डब्याला लावतो ती, बाथच्या रुंदीएवढी कापा आणि पाण्यात उभी धरा, तळाला टेकू न देता. मिनिटभर बाथ चालू करा. बाहेर काढून खिडकीसमोर धरली की चाळणीसारखा उजेड दिसला पाहिजे, आणि तो सगळीकडे सारखा. एका कोपऱ्यात भोकं आणि बाकी फॉइल कोरीच्या कोरी, असं असेल तर एखादा क्रिस्टल गेला आहे. मग तुमचा रॉड कुठल्या बाजूला ठेवला यावर रिपोर्ट ठरणार. फॉइलवर तारीख घालून ती वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या महिन्याची फॉइल शेजारी लावली की मशीन म्हातारं होतंय का ते आपोआप दिसतं. आमची वही इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनाही आवडते.

पाणी रोज बदला. नव्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती लहरींचा जोर खाते, म्हणून सॅम्पल ठेवायच्या आधी बाथ दहा मिनिटं नुसतं चालवा. मात्र त्यानं पाणी तापतं. एप्रिल-मेमध्ये मिरजेत नळाचं पाणीच कोमट येतं, त्यात आणखी तापलं तर ग्रॅम निगेटिव्ह गटातले, ई. कोलायसारखे जंतू आधी मरतात. थर्मामीटर लावून बघा, गरज पडली तर थोडं गार पाणी मिसळा.

प्रत्यक्ष काम

डबा बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कपाटात उघडा. निर्जंतुक रिंगर सोल्यूशन (क्षारांचं पाणी) ओता, सांधा जवळपास बुडेल इतकं. मोठ्या सांध्याला ४०० मिलिलिटर. स्क्रू किंवा छोटी प्लेट असेल तर छोटा डबा आणि कमी द्रव, नाहीतर चार जंतू लिटरभर पाण्यात हरवतात. झाकण घट्ट लावा. ३० सेकंद व्हॉर्टेक्स, म्हणजे गरगर हलवायच्या मशीनवर. लिटरचा डबा आमच्या व्हॉर्टेक्सवर बसत नाही, तर दोन्ही हातांनी जोरात हलवायचा. मग बाथच्या जाळीत ठेवायचा, तळाला टेकवायचा नाही, बाहेरचं पाणी आतल्या द्रवाच्या पातळीला आलं पाहिजे. ५ मिनिटं. घड्याळ लावा, "जरा जास्त दिलं तर जास्त सुटतील" हा उत्साह नको. पुन्हा ३० सेकंद हलवा.

लगेच झाकण उघडू नका. आत बारीक तुषार उडालेले असतात. थोडा वेळ कॅबिनेटमध्ये शांत राहू द्या.

मग द्रव प्लेटांवर. एक संच हवेत ७ दिवस, एक ऑक्सिजनशिवाय १४ दिवस. इथे नव्या मुलांना मुद्दाम सांगते, मेणबत्ती लावलेली बरणी म्हणजे ऑक्सिजनशिवायची बरणी नव्हे. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो. गॅसपॅकची, म्हणजे ऑक्सिजन शोषणारं पाकीट टाकलेली बरणी हवी आणि आतल्या पट्टीचा रंग गेला की नाही हे दुसऱ्या दिवशी बघायला हवं. खांद्याच्या सांध्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू सापडतो, तो फार सावकाश वाढतो. पाचव्या दिवशी "नो ग्रोथ" लिहून प्लेटा फेकल्या तर तो तुम्हाला जन्मात दिसणार नाही.

या १४ दिवसांत फोन सुरू होतात. "ताई, आला का रिपोर्ट?" "नाही मामा, अजून वाढतोय." "अहो पण बाजूच्या बेडवाल्याचा तीन दिवसांत आला." त्यांचा लघवीचा होता, मामा. लघवीतला जंतू आणि रॉडवरचा जंतू यांच्या वेगात फरक असतो, एवढं सांगितलं की माणसं समजून घेतात.

आकडा कसा वाचायचा

द्रवाच्या दर मिलिलिटरमागे ५० पेक्षा जास्त वसाहती, म्हणजे प्लेटवर उगवलेले जंतूंचे ठिपके, आल्या तर इन्फेक्शन पक्कं धरतात. प्लेटवर ०.१ मिली पसरवलं असेल तर ५ पेक्षा जास्त वसाहती. त्याहून कमी आल्या तर पेशंटकडे बघायचं. स्टॅफ ऑरियस दोनच आले तरी मी ते कचरा म्हणून सोडत नाही. आणि गोळ्या चालू होत्या असं डब्यावर लिहिलं असेल तर कमी आकड्यालाही वजन येतं. म्हणून ती शेवटची ओळ.

जंतूचं नाव कळलं की पुढचं औषध ठरतं. स्टॅफ असेल आणि इम्प्लांट आत ठेवायचं किंवा नवीन बसवायचं असेल तर डॉक्टर बरेचदा रिफाम्पिसिन जोडतात. इथे नातेवाईक घाबरतात, कारण आपल्याकडे ही टीबीची गोळी म्हणून माहीत आहे. टीबी झालेला नाही. बायोफिल्ममध्ये शिरून सुस्त जंतूंवर चालणारी फार थोडी औषधं आहेत, त्यांतलं हे एक. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर रिफाम्पिसिन घेणारे १२ पैकी १२ बरे झाले, नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे १२ पैकी ७. लघवी केशरी होते, घाबरू नका. पण ते एकटं कधीच घ्यायचं नाही, जंतू थोड्याच दिवसांत त्याला दाद देईनासा होतो.

मग अल्ट्रासाउंडनं शरीरातच का मारत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. बाथमध्ये ५ मिनिटांत थर सुटतो, तर गुडघ्यावर बाहेरून लहरी सोडून का नाही?

पहिली अडचण नेम धरायची. ४० किलोहर्ट्झची लहर पाण्यात पावणेचार सेंटिमीटर लांब असते, आणि लांबीपेक्षा फारशा बारीक जागी लहर एकवटता येत नाही. तिनं नेम धरायचा म्हटलं तर निम्मा गुडघा हलणार. म्हणून फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये फ्रीक्वेन्सी वाढवतात. १ मेगाहर्ट्झला लहर दीड मिलिमीटरची होते, आणि खोलगट वाटीसारख्या प्रोबमधून निघालेल्या लहरी आत एका तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी एकत्र येतात. वाटेतली कातडी, मांस शाबूत राहतं, त्या दाण्याएवढ्या जागी मात्र तापमान चढतं किंवा बुडबुडे फुटतात. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी २००४ मध्ये, हात थरथरण्याच्या आजारासाठी २०१६ मध्ये आणि यकृतातल्या गाठींसाठी २०२३ मध्ये अशा मशीनना परवानगी मिळाली.

दुसरी अडचण धातूची. मांसातून आलेली लहर टायटॅनियमवर सरळ आदळली तर साधारण ८० टक्के ऊर्जा मागे फिरते, स्टीलवर त्याहून जास्त. त्यामुळे प्लेटच्या पुढच्या बाजूला दुप्पट मार बसतो आणि मागच्या बाजूला सावली पडते. आणि जंतू बसतात कुठे? प्लेट आणि हाडाच्या मधे, स्क्रूच्या आट्यांत, मांडीच्या पोकळीतल्या रॉडवर. म्हणजे नेमके सावलीत. हाड स्वतःही लहरी शोषून घेतं आणि तापतं.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती मी रोज प्लेटवर बघते. अल्ट्रासाउंडनं सुटलेले जंतू जिवंत असतात. आमची सगळी पद्धत त्याच भरवशावर चालते! डब्यात सुटले तर मी त्यांना मोजते. शरीरात सुटले तर रक्तात जातात. म्हणून या विषयावर काम करणारे संशोधक नुसतं अल्ट्रासाउंड देतच नाहीत, आधी अँटिबायोटिक देतात आणि मग लहरी. थर सैल झाला, जंतू जागे झाले, की तेच औषध चालायला लागतं. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विल्यम पिट यांच्या प्रयोगशाळेनं सशांवर हे करून बघितलं. जेंटामायसिन आणि साधारण २८ किलोहर्ट्झच्या लहरी एकत्र दिल्यावर ई. कोलायची बायोफिल्म कमी झाली, स्युडोमोनास नावाच्या जंतूवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. सलग लहरींनी कातडीला इजा झाली, म्हणून पुढे त्या तुटक-तुटक दिल्या. म्हणजे इथेही जंतूचं नाव आधी लागतंच.

इम्प्लांटच्या इन्फेक्शनसाठी फोकस्ड अल्ट्रासाउंड आज प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर आहे, वॉर्डात नाही. कोणी पैसे घेऊन करतो म्हणालं तर तिथून उठा. आणि फिजिओथेरपीवाल्यांकडचं अल्ट्रासाउंड हे वेगळं, १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं, फोकस न केलेलं, स्नायूंसाठीचं. पू झालेल्या गुडघ्यावर ते लावायचं नसतं, चांगला फिजिओथेरपिस्ट स्वतःच नाही म्हणतो.

तोवर वेळ गाठणं हातात आहे. नवीन सांधा बसवून महिना झाला नसेल, किंवा आधी ठीक असलेला सांधा दुखून-सुजून ३ आठवडे झाले नसतील, आणि सांधा पक्का बसलेला असेल, तर सर्जन बरेचदा तो न काढता आत धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून वाचवू शकतात. त्यानंतर थर जुना होतो. टाक्यातून पाणी येतंय, लाल झालंय, रात्री ठणकतंय, तर जत्रा झाल्यावर, ऊस तुटल्यावर, असं करू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा, आणि सांध्यातलं पाणी सुईनं काढून लॅबला दिल्याशिवाय अँटिबायोटिक चालू करायची घाई करू नका, अंगात थंडीताप भरला नसेल तर.

आता राहिला रॉड. पुष्कळ जणांना तो घरी न्यायचा असतो, लाखभर गेलेत त्याला, म्हणतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत शरीरातली धातूची इम्प्लांट्स निळ्या खुणेच्या डब्यात जातात. हवाच असेल तर हॉस्पिटलला ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवा. ते हो म्हणाले तर आमचे १४ दिवस पुरे झाल्यावर, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मग मिळेल. घाई करून मधेच मागायला येऊ नका, तपासणी पुन्हा करायची वेळ आली तर तो लागतो.